बारावं प्रकरण विहिरींचं

मास्तर,

तुम्ही गेल्याची बातमी गावच्या फळ्यावर लागली तेव्हा तुमच्या नावाखाली तीन ओळी होत्या. निवृत्त प्राथमिक शिक्षक. माजी सैनिक. दफनविधी दुपारी चार वाजता. तिन्ही ओळी खऱ्या, पण त्या वाचून एवढंच कळत होतं की वसईच्या गास गावात एक म्हातारा होता आणि तो वारला. मला खडू घेऊन खाली लिहावंसं वाटलं की ह्या माणसाने चार वर्षं खपून एका जर्मन जनरलची कारकीर्द मराठीत लिहिली. अकरा प्रकरणं, शाळेच्या दोनशे पानी वहीत. बारावं तुमच्या हातून लिहून झालं नाही. ते माझ्याकडे आहे, माझ्या अक्षरात. उद्या वही छापखान्यात जायची आहे, आणि तीत अकरा प्रकरणं असावीत की बारा, यावरून हा आठवडाभर तुमच्या घरात आणि माझ्या समितीत, दोन्हीकडे वाद चालला.

आपली ओळखच भांडणातून झाली. तुमची पहिली तीन प्रकरणं गावच्या मासिकात आली होती. मी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी, मूळची साताऱ्याकडची, कॉलेज संपवून टँकरवाल्यांविरुद्धच्या पाणी समितीत पडलेली. पत्रकं लिहायची मला सवय होती आणि पत्रक लिहिणाऱ्याची एक वाईट खोड असते: तो वाचत नाही, हवं ते शोधतो. मी लाल पेन्सिल घेऊन तुमचे तीन अंक चाळले आणि मला हवं ते सापडलं. ‘जमीन वाचावी तर ह्या माणसाने.’ बस. दोन दिवसांत पत्रक तयार. ‘हिटलरच्या सेनापतीच्या आरत्या गासमध्ये कशाला?’ रविवारची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, संपवून लोक बाहेर पडत होते, मी चर्चच्या फाटकाशी उभी राहून वाटत होते. एक उंच म्हातारा आला, पत्रक घेतलं, तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. इतकं नीट माझं पत्रक आजवर कुणी वाचलं नव्हतं.

“कुणी लिहिलं?”

“मी.”

“मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा घ्यायला घरी ये.”

“तुम्ही कोण?”

“आरती करणारा.”

मास्तर, तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं.

मी आले ती भांडायलाच आले. तुम्ही मला खुर्ची दिली नाही, केळीच्या वाडीत नेलंत. पाटाचं पाणी सोडलेलं होतं. तुम्ही चिखलात काठीने रेघ ओढलीत आणि म्हणालात, ही नदी. ह्या बाजूला आम्ही, त्या बाजूला तो. आम्ही म्हणजे तुम्ही, इंग्रजांच्या फौजेत सिग्नलचा लाइनमन, पाठीवर टेलिफोनच्या तारेचं रीळ, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरात. तो म्हणजे जनरल. त्याचं नाव तुम्ही कधी घेतलं नाहीत, वहीतही लिहिलं नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, “नाव लिहिलं की लोक एक तर सलाम करतात, नाही तर थुंकतात. दोन्हीकडून वाचणं बंद होतं.”

त्या चिखलात तुम्ही मला दाखवलंत की तुमची पलटण महिनोन्महिने त्या माणसाच्या मागे होती आणि तो दर वेळी एक नदी मागे सरकत होता. तुम्ही सकाळी पोचावं तर खंदक रिकामे, चुलीतली राख अजून कोमट. जखमी नाही, तोफ नाही, विसरलेला टोपही नाही. “आणि तार,” तुम्ही म्हणालात. हे सांगताना तुमचा आवाज बदलला. “पळणारं सैन्य तार कापतं, बाय, आणि टाकून जातं. हा माणूस तार गुंडाळून न्यायचा. शेवटची तुकडी निघायची ती रीळ पाठीवर घेऊन. मी लाइनमन होतो. मला ते बघून लाज वाटली, आमच्या तारा रस्ताभर पडलेल्या असायच्या.”

तेव्हा मला ते चीड आणणारं वाटलं. शत्रूच्या नीटनेटकेपणाचं एवढं कौतुक. आज ते वाक्य आठवलं की तुमचं सगळं लिहिणं दिसतं. कामाचा दर्जा तुम्हाला दिसायचाच, तो कुणाच्याही हातचा असो.

प्रकरणं मी एकेक करून ऐकली. तो जनरल म्हणजे पोस्टमास्तरचा मुलगा, सतराव्या वर्षी पलटणीत. पहिल्या युद्धात मांडीत गोळी, तरी महिन्यात खंदकात परत. मधल्या शांततेच्या वर्षांत, सैन्य एवढंसं उरलेलं असताना, हा तरुण अधिकाऱ्यांना शिकवत बसलेला: कशी चढाई करावी हे नव्हे, कसं निघावं हे. बाकीचे हसायचे म्हणे. मग दुसरं युद्ध, आधी रेजिमेंट, मग डिव्हिजन. रशियाच्या बर्फात चारी बाजूंनी वेढलेला असताना त्याने आपली माणसं बाहेर काढली, जखमी घसरगाड्यांवर, स्वतः सगळ्यात शेवटच्या तुकडीबरोबर चालत. हे सातवं प्रकरण. तुम्ही ते वाचलंत आणि मी, समितीची कडवी कार्यकर्ती, श्वास धरून ऐकत होते. मग स्वतःचाच राग आला.

“मास्तर, तो तिथे गेलाच कशाला होता? कुणाच्या देशात?”

“बरोबर.”

“मग हे लिहा ना.”

“लिहिलंय, पहिल्या ओळीत. तू ऐकलं नाहीस, घसरगाड्या ऐकल्यास. मी काय करू?”

मला ‘टँकरबाई’ म्हणायला तुम्ही तेव्हापासूनच सुरुवात केलीत. कारण माझ्या बिल्डिंगला पाणी टँकरचं, आणि टँकर भरायचा तो तुमच्या गावच्या विहिरींवर. “टँकरचं पाणी पिऊन टँकरविरुद्ध पत्रक लिहिते,” तुम्ही तुमच्या बायकोला, रोजाकाकूंना, माझी ओळख अशी करून दिलीत. काकू हसल्या आणि त्यांनी मला त्याच विहिरीचं पाणी तांब्यात दिलं. मला ते पिववेना. काकू म्हणाल्या, “पी गो. तुझ्या घरी येतं तेच हाय, फक्त गाडीत बसून येतं.”

त्या उन्हाळ्यात विहिरींना खारट चव लागली तेव्हा आम्ही रस्त्यावर बसलो. मला वाटलं होतं तुम्ही येणार नाही. तुम्ही आलात, काठी घेऊन, आणि बसायच्या आधी गल्ल्या मोजून आलात. दुपारी पोलिसांची दुसरी गाडी आली, टँकरवाल्यांची माणसंही जमली, त्यांच्या हातात लोखंडी पाने. मी माइकवर होते. मी म्हणत होते, इथून आमची प्रेतं उठतील. तुम्ही माझ्या हातातला माइक खाली केलात आणि म्हणालात, “प्रेतं कुणाची? ह्या बायांची? त्यांना विचारलंस?” मग तुम्ही सगळ्यांना उठवलंत. आधी म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या, मग बाकीच्या, तीन गल्ल्यांतून, न धावता. शेवटी तुम्ही आणि मी. पोलिसांना लाठी उगारायला समोर कुणी उरलंच नाही.

मी तुम्हाला सगळ्यांसमोर पळपुटा म्हणाले. तुम्ही म्हणालात, “उद्या सकाळी दुसऱ्या नाक्यावर ये.” दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या नाक्यावर, तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. टँकरला कळेना आज कुठली वाट मोकळी. असं करत तुमच्या आळीतल्या विहिरींवरच्या, टँकर भरणाऱ्या मोटरी निघाल्या. सगळ्या गावच्या नाही निघाल्या, हे मी इथे लिहितेच, नाही तर तुम्ही म्हणाल अर्धाच मुद्दा. पण निघाल्या तेवढ्या एकाही बाईचं डोकं न फुटता निघाल्या. ‘पळपुटा’ हा शब्द मी कधी परत घेतला नाही. मोर्च्यात तुमच्या बाजूला चालायला लागले, तुम्हाला ते कळलं असेल असं धरून चालले. तोंडाने म्हणायला हवं होतं. आता म्हणते. मास्तर, माझं चुकलं होतं.

तुम्हाला ही माघार कुणी शिकवली ते मला माहीत होतं, आणि तेच मला सलत होतं. त्या आठवड्यात आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, अकरा प्रकरणं तुम्ही त्याचं कसब सांगता. वाचणारा अकराव्यावर थांबला तर? त्याच्या डोक्यात एक शूर, हुशार, माणसांना जपणारा सेनापती राहील. तुम्ही म्हणालात, ते वाचणाऱ्याचं पाप. मी म्हटलं, नाही, लिहिणाऱ्याचं. तुम्ही पाटात पाय सोडून बसलात. मग म्हणालात, “बारावं सांगतो. हात थरथरतो, लिहायला तू बस.”

मास्तर, ती दुपार. तुम्ही सांगत होतात आणि मी लिहीत होते, आणि लिहिताना पहिल्यांदा माझ्याजवळ कुठलाही मथळा नव्हता.

शेवटच्या माघारीत त्या जनरलचा हुकूम निघाला होता की मागे येणाऱ्याला पाणी मिळू नये. पहिल्या गावात विहिरीत मेलेली खेचरं टाकलेली होती. दुसऱ्यात तेच. तुम्ही तहानलेले होतात, तुमच्या हवालदाराने दोर सोडला आणि वास आल्यावर ओढून घेतला. तिसऱ्या गावात विहिरीवर पाटी होती, पाणी चांगलं आहे, इटालियनमध्ये, कुणा गावकऱ्याने लिहिलेली. तुम्ही धावत गेलात आणि पोटभर प्यालात. चौथ्या गावात पाटी नव्हती, माणसंही दिसत नव्हती. तुम्ही विहिरीत वाकून बघितलंत. त्यात खेचरं नव्हती. त्यात गाव होतं. बायका, म्हातारे. एकीच्या डोक्याला अजून रुमाल बांधलेला.

आणि विहिरीजवळून गेलेली त्यांची टेलिफोनची तार, तुम्ही म्हणालात, तीही नीट गुंडाळून नेलेली होती.

मग तुम्ही सांगितलंत की युद्धानंतर तो जनरल थोडी वर्षं कैदेत राहिला, सुटला, फळझाडं लावली, आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर तुम्हाला फोर्टच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांत मिळालं. तुम्ही ते तीनदा वाचलंत. एकच ओळ शोधत होतात. प्रत्येक नदी होती त्यात, प्रत्येक पूल, कुठल्या गावी चांगली दारू मिळाली तेही होतं. विहिरी नव्हत्या. “म्हणून मला त्याची कारकीर्द लिहावी लागली,” तुम्ही म्हणालात. “त्याने अकरा प्रकरणांची लिहिली. ती बारा प्रकरणांची आहे.”

मी म्हटलं, मग विहिरी पहिल्या प्रकरणात घ्या, त्याला सुरुवातीलाच उघडा पाडा.

“नको. मूर्ख माणसाने हे केलं असतं तर मी म्हटलं असतं, मूर्ख होता. ह्याला जमीन वाचता येत होती, पाणी वाचता येत होतं. रशियात त्याने एक जखमी मागे ठेवला नाही. अशा माणसाने त्या हुकमावर सही केली. त्याला काय काय कळत होतं ते आधी सांगितल्याशिवाय त्याने काय केलं ते कसं कळणार?”

हे मला आजही पूर्ण पटलेलं नाही. मी अजूनही म्हणते की घाईचा वाचक अकराव्यावर उठून जातो, आणि मी स्वतः तिसऱ्यावर उठून पत्रक काढलं होतं. पण उत्तर द्यायला तुम्ही नाही आहात, तेव्हा हा मुद्दा मी माझ्या नावावर उघडा ठेवते.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. सांगणं संपल्यावर तुम्ही म्हणालात, “वाचून दाखव. आमच्यात निरोप परत वाचून दाखवल्याशिवाय पोचला असं धरत नाहीत.” आणि मी म्हटलं, उद्या. म्हटलं, अंधार व्हायच्या आत बस पकडायची आहे. ते खोटं होतं. बसेस होत्या. खरं हे, की तुम्ही विहिरींचं सांगत असताना मी मध्ये माझं एक वाक्य घातलं होतं. ‘आज वसईच्या विहिरींचं तेच चाललं आहे, फक्त गणवेश बदलला आहे.’ मला ते फार आवडलं होतं. तुम्ही ऐकलं असतंत तर काढायला लावलं असतंत, कारण मागे एकदा मी अशीच तुलना केली तेव्हा तुम्ही चिडला होतात. “मोटर लावणारा लोभी आहे, बाय. त्याच्याशी भांड. पण त्याला त्या विहिरीत ढकलू नकोस, तिथे आधीच माणसं आहेत.” हे माहीत असून मी ते घातलं आणि वाचायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीडी बूथवरून फोन केला तो कधी येऊ विचारायला. फोन तुमच्या मुलाने उचलला, विल्सनने. तो आखातातून सुट्टीवर आलेला. त्याने फक्त “डॅडी गेले” एवढंच म्हटलं.

मास्तर, त्या वाक्यासाठी मी तुमचा शेवटचा निरोप अडवून ठेवला. ह्याहून मोठी चोरी मी कुठल्याही टँकरवाल्याची पकडलेली नाही.

विल्सनला पुस्तक अकरा प्रकरणांचं हवं होतं. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, “लोक डॅडींच्या आठवणीत वाचणार. पोरं वाचणार. शेवटी ते विहिरीतलं कशाला? आणि डॅडी मला कधी बोलले नाहीत. तूच मनाने घातलं नाहीस कशावरून?” ह्या शेवटच्या प्रश्नाला मी कसं उत्तर देणार होते? एक वाक्य मी घातलंच होतं. समितीत दिलीपने उलटं धरलं. तो म्हणाला, अकरा राहू देत बाजूला, बारावं तेवढं पत्रक म्हणून काढू, गणवेशाच्या वाक्यासकट, पावसाच्या आधी घरोघर जाईल. एका वर्षापूर्वी मी स्वतः हेच म्हटलं असतं.

काल सातव्या दिवसाची मिस्सा झाली. पाहुणे जेवून गेले. मी विल्सनला म्हटलं, छापायचं की नाही ते मग ठरवू, आधी एकदा वाचू दे. मास्तरांनी वाचायला सांगितलं होतं, माझ्याकडून राहिलं. तो म्हणाला, वाच. आम्ही तिघं पडवीत बसलो, तो, मी आणि रोजाकाकू. काकूंनी तुमचं एकही प्रकरण कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही वाचायला लागलात की त्या उठून केळीला पाणी घालायला जायच्या, म्हणायच्या, ह्याची लढाई ह्यालाच लखलाभ.

वाचायच्या आधी मी त्यांच्यासमोर माझं वाक्य खोडलं आणि का खोडलं ते सांगितलं. मग मी वाचलं. पहिलं गाव, दुसरं गाव, पाटी. चौथ्या गावाशी मी थांबले, तेव्हा विल्सनने माझ्या हातातून कागद घेतला आणि पुढचं त्याने वाचलं, अडखळत, कारण माझं अक्षर वाईट आहे आणि त्याचं मराठी वाचन सुटलेलं. तुम्ही वाकून बघितलंत ते वाक्य त्याने वाचलं.

काकू खाली बघत होत्या. त्या तुमच्या बोलीतून, अगदी हळू बोलल्या. मला सगळे शब्द जसेच्या तसे लिहिता येत नाहीत, पण असं काहीसं होतं: “लगीन होऊन आले तवापासून बघते. हा मानूस बावीवर गेला की आधी वाकून आत बघनार, मग दोर सोडनार. रोज. भर पावसात पन. बाव आपली, पानी आपलं, तरी. मी विचारलं, काय बघता? तर म्हने, बेडूक. पन्नास वरसं मला बेडूक सांगितला.”

विल्सनने कागद गुडघ्यावर ठेवला. त्यानेही ते हजारदा पाहिलेलं असणार, लहानपणापासून. त्याच्या तोंडाकडे बघून मला ते कळलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

काकूंनी विचारलं, “फुडं?”

मी म्हटलं, “पुढं नाही काकू. इथेच संपतं.”

“मग तसंच छाप,” त्या म्हणाल्या.